बाबांचं कपाट, माझी गिटार आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’

ओसरी
गेले चार रविवार मी एकच कपाट आवरतेय. आवरतेय कसलं, सकाळी उघडून बसतेय आणि संध्याकाळी बंद करतेय.

बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांचं सामान माझ्याकडे आलं तेव्हा मनःस्थितीच नव्हती, ‘नंतर बघू’ म्हणून मागच्या खोलीत लावून टाकलं. त्या खोलीत माझी अडगळ आधीपासून होतीच. जेमतेम तीन महिने वाजवलेली गिटार, लेकीचे लहानपणचे कपडे, मावशीने दिलेली फुलदाणी आणि वायरींचा एक गुंता, ज्यातली कुठली वायर कशाची हे देवच जाणे. आता खोलीत शिरता येतं, वळता येत नाही.

आळस म्हणाल तर तो नाही. ऑफिसात माझं टेबल सगळ्यांत नेटकं असतं. इथे मात्र पहिली वस्तू हातात घेतली की संपलं. मागच्या रविवारी पहिला हाती आला बाबांचा चष्मा. तो कुणाच्याच उपयोगाचा नाही, पण टाकायला हात धजेना. परत ठेवला. मग गिटार. तिच्याकडे बघून गेलेले पैसे आठवले. परत ठेवली. मग फुलदाणी, जी मला पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही. तीही परत. तासाभरात तीन वस्तू हाताळल्या, तिन्ही जागच्या जागी, आणि मी रडकुंडीला आलेली.

दोन प्रश्न आहेत. वस्तू घराबाहेर काढताना जे अपराधी वाटतं त्याचं काय करायचं? आणि एवढ्या ढिगाकडे बघून हातपाय गळतात, तर सुरुवात कुठून करायची? ‘भावना बाजूला ठेवा’ हा सल्ला कृपया नको. ठेवता आल्या असत्या तर धागाच काढला नसता.

दुपारचीझोप
वाचनखूण साठवून ठेवतेय. (हीसुद्धा साठवणूकच, माहीत आहे.)

तिरपागडा
सोप्पं आहे हो. दोन वर्षांत हात लागला नाही म्हणजे लागत नाही. डोळे मिटायचे, पिशवीत भरायचं, बाहेर.

ओसरी
तिरपागडा, लागत नाही हे मला ठाऊक आहे. चष्म्याला दोन वर्षांत हात लावला नाही कारण लावला की रडू येतं. तुमचा नियम मिक्सरला ठीक आहे.

बारीकसारीक
ओसरी, तुमच्या तीन वस्तूंवरच मी अडकलो, कारण मला त्या एका माळेतल्या वाटतच नाहीत. तुम्ही तिन्हींना ‘अपराधीपणा’ हे एकच नाव दिलंय. प्रत्येक वस्तूपाशी तुम्ही कुणाचं देणं लागता असं वाटतंय, ते जरा वेगवेगळं करून बघा.

चष्म्यापाशी तुम्ही कुणाचंच काही लागत नाही. ते दुःख आहे. ते वस्तू टाकून जात नाही आणि ठेवूनही जात नाही, त्यामुळे तिथे घाई करण्यात काहीच मिळवायचं नाही. फुलदाणीपाशी आहे ती भीड. मावशी विचारेल, मावशीला वाईट वाटेल. आणि गिटारपाशी दोन देणी आहेत, एक पैशांचं आणि दुसरं जास्त अवघड: ज्या ‘मी’साठी ती घेतली, ती ‘मी’ झालेच नाही. माझ्याकडे अशी तीन फूट उंचीची दुर्बीण होती. ती काढायची म्हणजे ‘मी रात्री गच्चीवर जाऊन ग्रह बघणारा माणूस नाही’ हे मान्य करायचं. दुर्बीण काढणं जड गेलं नाही, ते मान्य करणं गेलं.

भिडेवर उपाय करता येतो, पैशांवर विचार करता येतो, दुःखाला वेळ द्यावा लागतो. तुम्ही हे तिन्ही एका तासात एकापाठोपाठ करायला बसलात. कोणीही रडकुंडीला येईल.

भिडेबद्दल एक विचारतो. गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुणाकुणाला काय काय भेट दिलंत ते कागदावर लिहून काढा. मी लिहायला बसलो तर सहाच्या पुढे गाडी जाईना. देणारे आपणही असेच विसरतो, आणि घेणारा मात्र वर्षानुवर्षं आपली आठवण म्हणून फुलदाणी पुसत बसतो.

खिडकीपाशी
+१ बारीकसारीक. ‘कुणाचं देणं’ हा प्रश्न आवडला.

पानगळ
मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे गिटारवर बोलल्यावाचून राहवत नाही.

आपली झालेली वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या किमतीपेक्षा मोलाची वाटायला लागते. याला रिचर्ड थेलर यांनी १९८० साली नाव दिलं, मराठीत आपण ‘मालकीचा मोह’ म्हणू. मग १९९० साली त्यांनी, डॅनियल कानेमान यांनी आणि आणखी एका सहकाऱ्याने कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचा एकेक मग दिला, उरलेल्यांना नाही. ज्यांना मिळाला त्यांना विचारलं, कितीला विकाल? ज्यांना नाही मिळाला त्यांना विचारलं, कितीला घ्याल? वस्तू एकच, वर्गही एकच, पण विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीच्या आसपास निघाली. आणि तो मग त्यांच्या मालकीचा होऊन झाली होती काही मिनिटं! आठवण नाही, नातं नाही, काही नाही. पुढे कानेमान यांना २००२ साली आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून ‘टाकू का?’ हा प्रश्नच मुळात वस्तूच्या बाजूने झुकलेला असतो. तो उलटा करून विचारायचा: ही गिटार आज माझ्याकडे नसती, तर ती मिळवायला मी काही केलं असतं का?

दुसरी गोष्ट पैशांची. गिटारचे पैसे ती घेतली त्या दिवशीच गेले. ती खोलीत ठेवल्याने ते परत येत नाहीत, उलट आता ती जागाही खाते. हे मी दरवर्षी वर्गात तळमळीने शिकवते. माझ्या घरी शिवणयंत्र आहे, अकरा वर्षं झाली, अजून सुई ओवलेली नाही. कळतं पण वळत नाही, ते हेच.

तिरपागडा
पानगळ, शेवटच्या तीन वाक्यांसाठी उभं राहून टाळ्या.

हातोडी
सगळे टाकायच्याच मागे लागलेत म्हणून थोडी उलटी बाजू.

मी रिकाम्या वेळात मोडक्या वस्तू दुरुस्त करतो. ‘टाकली’ म्हणजे ‘गेली’ असं कुठल्याच वस्तूचं होत नाही. ती दुसऱ्या कुठल्यातरी ढिगात जाऊन पडते. ती बनायला धातू, पाणी, वीज, कुणाचे तरी हात लागलेले असतात. त्यामुळे टाकताना मनाला लागत असेल तर ते चूक आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त त्या लागण्याची जागा चुकतेय. ते वस्तू आणताना लागलं पाहिजे. आणून झाल्यावर, वापरायची नाही आणि सोडायचीही नाही, यात वस्तूचा काय फायदा?

कारण ठेवलेली वस्तू टिकते हा मोठा गैरसमज आहे. बुटांचे पॉलियुरेथेनचे तळवे न वापरताही हवेतल्या दमटपणाने भुसभुशीत होतात. ‘नवेच आहेत, जपून ठेवलेत’ असे बूट घालून चार पावलं टाकली की तळव्याचा चुरा. इलॅस्टिक मरतं, रबर चिकट होतं. खेळण्यांत नि रिमोटमध्ये विसरलेले सेल फुटून आतले धातूचे चाप खाऊन टाकतात. कपडे प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवले की आत ओल धरते. कागद-पुस्तकं अंधारात नि दमटात ठेवलीत तर कसरीची सोयच. फोटोंचे ते चिकट पानांचे अल्बम असतात ना, त्यांचा डिंक पिवळा पडून फोटोला धरतो. आधी फोटो सोडवा, ओढून काढू नका. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातला डेटाही उडू शकतो.

तेव्हा ओसरी, गिटार सुस्थितीत आहे तोवरच कुणाच्या हातात गेली तर ती गिटार राहील. आणखी दहा वर्षांनी ती लाकूड असेल.

दुपारचीझोप
बापरे. बूट बघून आले. चुरा.

खिडकीपाशी
आता दुसऱ्या प्रश्नाकडे, हातपाय गळण्याकडे. यात मी पदवीधर आहे, कारण सगळ्या चुका करून झाल्यात.

पहिली चूक: ‘आज सगळं बाहेर काढायचं म्हणजे नीट कळेल किती आहे ते.’ काढलं. दुपारी चार वाजता पलंगावर, जमिनीवर, खुर्च्यांवर सगळीकडे सामान आणि अंगात त्राण नाही. रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं कोंबून आत. पुढचे आठ महिने त्या कपाटाच्या वाटेला गेले नाही. तेव्हापासून एकच नियम: वीस मिनिटांत परत आत ठेवता येईल तेवढंच बाहेर काढायचं. एक खण. तोही मोठा असला तर अर्धा. वीस मिनिटं झाली की थांबायचं, हुरूप असला तरी. हुरूप असताना थांबलं की दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं.

दुसरी चूक: आधी डबे आणले. झाकणाचे, एकात एक बसणारे, बारा! आवरायच्या आधी डबे आणले की आपण पसारा डब्यात भरतो आणि त्याला आवरणं म्हणतो. त्यातले सात डबे मी पुढे स्वतंत्रपणे घराबाहेर काढले.

तिसरी चूक तुमचीच, ओसरी. सगळ्यांत अवघड कपाटापासून सुरुवात. हातात वस्तू घेऊन ठरवणं हे एक काम आहे, त्याचा सराव लागतो, आणि तो बाबांच्या चष्म्यावर करायचा नसतो. न्हाणीघरातल्या फळीवर करा. आटलेली क्रीम्स, दात झिजलेला कंगवा, मुदत संपलेली मलमं. तिथे कुणाची आठवण नाही. मग वायरी. मग चादरी-टॉवेल. मग स्वतःचे कपडे. मग पुस्तकं. आठवणींचं सामान शेवटी, आणि ‘शेवटी’ म्हणजे दोन-तीन महिन्यांनी आलं तरी चालेल.

पिशवी भरली की त्याच दिवशी घराबाहेर. निदान गाडीत, नाहीतर दाराबाहेर. ‘द्यायच्या पिशव्या’ नावाचा नवा ढीग माझ्याकडे दीड वर्ष होता, आणि घरातले सगळे त्यात हात घालून एकेक वस्तू परत आणायचे. मीसुद्धा.

जे ठरतच नाही त्याच्यासाठी एक खोकं. वरून चिकटपट्टी, तिच्यावर आजची तारीख. सहा महिन्यांनी न उघडता आठवायचं, आत काय आहे? जे आठवलं ते काढून घ्यायचं, बाकीचं न बघता देऊन टाकायचं. माझ्या पहिल्या खोक्यातल्या तीन वस्तू आठवल्या, होत्या चाळीसेक.

गप्पिष्ट
ताई, न उघडता बाकीचं दिलंत? खरंच?

खिडकीपाशी
नाही गं. उघडलं. एक छत्री परत घेतली. माणूस आहे.

लोखंडी_पेटी
एक कळकळीची विनंती, कारण इथे कोणीतरी लवकरच ‘गरजूंना देऊन टाका’ म्हणणार आहे.

मी काही वर्षं एका संस्थेत आलेले कपडे नि वस्तू निवडायचं काम केलं, सुट्टीच्या दिवशी. काय काय यायचं! एकाच पायाचा बूट. चेन तुटलेल्या बॅगा. तुकडे हरवलेली कोडी. डाग पडलेले कपडे, धुतलेलेसुद्धा नाहीत. देणाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं असतं, पण ते आमच्या टेबलावर येऊन पडलेलं असतं. ते निवडायला माणसं लागतात, आणि शेवटी कचऱ्यात टाकायची जबाबदारीही आमची.

‘वाया जायला नको’ म्हणून देत असाल तर हे तीन बघा: धुतलेलं आहे का, पुरं आहे का, चालतं का. आणि नेण्याआधी विचारा, तुम्हाला हे हवंय का? तुमच्या मित्राला बिनदिक्कत देता येईल तीच वस्तू अनोळखी माणसाला द्या. बाकीचा कचरा असेल तर तो कचरा आहे हे मान्य करून स्वतः टाका. कठीण आहे, पण प्रामाणिक आहे.

हातोडी
अनुमोदन. मोडक्या वस्तूंबद्दल माझ्याकडूनही एक. ‘दुरुस्त करायचीय’ या ढिगाला तारीख लावा. महिनाभरात दुरुस्त झाली नाही तर ती होत नाही. हे मी, दुरुस्ती करणारा माणूस, सांगतोय.

निशाचर
आठवणींच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा. हे नुसतं सुचवणं नाही, यावर २०१७ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये एक संशोधन आलंय. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत वस्तू द्यायची मोहीम ठेवली. काही इमारतींत साधी सूचना लावली, वस्तू द्या. बाकीच्या इमारतींत सांगितलं, जिच्याशी आठवण जोडलेली आहे तिचा फोटो काढून ठेवा आणि मग द्या. साध्या सूचनेवर ५३३ वस्तू आल्या, फोटोच्या सूचनेवर ६१३. संशोधकांचं म्हणणं असं की वस्तू देताना आपल्याला वस्तू जाण्यापेक्षा आपलाच एक तुकडा जातोय असं वाटतं, आणि आठवण सुरक्षित आहे असं दिसलं की ती भीती कमी होते.

तिरपागडा
म्हणजे माळ्यावरची अडगळ फोनमध्ये हलवायची. छान.

निशाचर
फोन झाडावा लागत नाही ना पण! आणि फोटोबरोबर दोन ओळी लिहा. नुसता चिनीमातीच्या बदकाचा फोटो दहा वर्षांनी तुम्हालाही बदकच वाटेल.

फुलपाखरू७
सगळे स्वतःच्या वस्तूंबद्दल बोलताहेत म्हणून सांगते. १४ वर्षांपूर्वी मी बाहेरगावी गेले असताना नवऱ्याने ‘तुला सरप्राइज’ म्हणून कपाट आवरलं आणि माझ्या कॉलेजच्या वह्या रद्दीत घातल्या. त्या वह्यांमध्ये मी कविता लिहायचे. फार चांगल्या नव्हत्या. तो भला माणूस आहे, हेतूही चांगला होता, आणि तरी आजही कपाटाचं दार वाजलं की मी बघायला जाते.

दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. अगदी लहान मुलांच्याही. मोडकी गाडी आपल्याला मोडकी दिसते.

खिडकीपाशी
अगं… काय बोलू.

गप्पिष्ट
फुलपाखरूचं वाचून विचारावंसं वाटलं. माझी आई काहीच टाकू देत नाही. वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या, खोकी, पिशव्यांत पिशव्या. तिच्या खोलीत पलंगापर्यंत जायला फक्त एक पायवाट उरलीय, आणि पलंगाच्या निम्म्या भागावरही सामान. मागे भावाने ती नसताना खोली रिकामी केली तर आठवडाभर जेवली नाही, भावाशी अजून धड बोलत नाही, आणि सहा महिन्यांत खोली पुन्हा तशीच. वरच्या युक्त्या तिला सांगू का?

सावकाश
गप्पिष्ट, या युक्त्या तुझ्या आईसाठी नाहीत, म्हणून थांबून लिहितेय. मी समुपदेशनाचं काम करते. न बघता निदान करता येत नाही आणि मी करतही नाहीये, पण तू लिहिलंयस ते ओळखीचं आहे.

पसारा असणं वेगळं आणि वस्तू सोडताच न येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात खोली खोली म्हणून वापरता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, आणि वस्तू काढायचा विषय निघाला तरी जिवाची घालमेल होते. याला मानसिक आरोग्याच्या भाषेत संचय विकृती म्हणतात. पूर्वी याकडे बहुतेक वेळा मंत्रचळाचं (ओसीडी, म्हणजे तेच ते विचार आणि कृती थांबवता न येणं) एक लक्षण म्हणून बघत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली तिला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही ती स्वतंत्र आहे. हा आळस नाही, हट्ट नाही, अस्वच्छपणाची आवडही नाही.

भावाने जे केलं ते बहुतेक घरांत एकदा तरी होतंच, त्याला दोष देऊ नका. पण परिणाम तू पाहिलास. खोली रिकामी झाली, वस्तू साठवायची गरज होती तिथेच राहिली, वर विश्वास गेला. यावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हींवर हळूहळू काम करणारी उपचारपद्धती वापरतात. वेळ लागतो. तोवर घरच्यांनी ‘किती कमी झालं’ हे मोजू नये, सुरक्षितता बघावी. दारापर्यंतची वाट मोकळी आहे का, आग लागेल असं काही शेगडीजवळ किंवा विजेच्या बोर्डाजवळ आहे का, रात्री उठली तर अडखळून पडेल का. एवढ्यापुरतंच, आणि तिच्यासमोर, तिच्या हाताने. ‘आई, हे टाकूया’ म्हणण्यापेक्षा ‘आई, तू पडशील म्हणून मला भीती वाटते’ हे तिला ऐकू येण्याची शक्यता जास्त.

गप्पिष्ट
कुणीतरी ‘हट्ट नाही’ असं म्हणायला हवं होतं. धन्यवाद. भावाला हा प्रतिसाद पाठवला.

हातोडी
पिशव्या भरणाऱ्यांसाठी थोडं रूक्ष, पण महत्त्वाचं. जुने फोन आणि लिथियमच्या बॅटऱ्या साध्या कचऱ्यात टाकू नका, चेपल्या गेल्या की आग लागते. फुगलेली बॅटरी असेल तर चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ई-कचरा घेतात तिथे द्यायची. फोन देण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, मग रिसेट. औषधं मोरीत ओतू नका, शेवटी ती पाण्यातच जातात. परत घ्यायची सोय असेल तिथे द्या. आणि दुकानातल्या त्या गुळगुळीत पावत्या, ज्यांच्यावर उष्णतेने छापलेलं असतं, त्या तशाही कोऱ्या होतात. हमीसाठी ठेवायच्या असतील तर आजच फोटो काढा.

पोटमाळा
मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. पण वय ७१ असल्यामुळे ओसरी यांच्या वडिलांच्या बाजूने चार शब्द.

स्वीडिश भाषेत ‘डोस्टेडनिंग’ असा शब्द आहे. मरणाआधीची आवराआवर, आपल्यामागे मुलांना निस्तरावं लागू नये म्हणून आपणच हयातीत करायची. शब्द कानाला कसाही लागला तरी काम मला आवडलं. दीड वर्षापासून करतोय. यात मला कळलेली गोष्ट अशी की मी जपलेल्या बहुतेक वस्तू मी ‘जपल्या’ नव्हत्याच. ठेवल्या नि विसरलो होतो. चार चष्मे निघाले माझेही, चारही जुन्या नंबरांचे. एकाचीही मला आठवण नव्हती.

माझ्या मुलांनी माझा चष्मा जन्मभर सांभाळावा असं मला वाटत नाही. टाकताना क्षणभर हात थांबला तर मात्र बरं वाटेल. तुमचा थांबला, ओसरी.

आवरताना मुलीला बोलावतो आणि वस्तूंच्या गोष्टी सांगतो. ती ऐकते, चहूकडे बघते आणि म्हणते, बाबा, गोष्ट मी नेते, वस्तू तुम्हीच बघा.

बारीकसारीक
पोटमाळाकाका, लिहीत जा हो.

ओसरी
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गप्प होते कारण वाचून उगाच शहाणपण आल्यासारखं वाटत होतं, म्हटलं आधी करून बघू.

न्हाणीघराच्या फळीपासून सुरुवात केली. वीस मिनिटं लावली होती, बारा मिनिटांत झालं. इतकं सोपं काहीतरी झाल्याचा इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मग वायरी: एकूण ३१. घरातल्या चालू वस्तूंना लागणाऱ्या ९. उरलेल्या २२ कशाच्या हे कुणालाही सांगता आलं नाही.

फुलदाणीची भीड मोडायची म्हणून मावशीला सरळ फोन केला. चार वाक्यं पाठ करून. ती म्हणाली, “मी दिली होती? कुठली? निळी? अगं, ती मलाच कुणीतरी दिलेली, मला नव्हती आवडली.” नऊ वर्षं पुसली मी ती.

गिटारला पानगळचा उलटा प्रश्न विचारला. उत्तर ‘नाही’ आलं, आणि तरी दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी खाली बसून दहा मिनिटं वाजवली. तारा गंजलेल्या, बोटं दुखली, सूर तर कुठेच नव्हता. मग लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला दिली. बारीकसारीक, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, ती न झालेली ‘मी’ जास्त जड होती. तिचं थोडं वाईट अजूनही वाटतंय. पैशांचं नाही वाटलं.

बाबांचं कपाट ठरवून उघडणार नव्हते. पण खालचा खण कधीचा लटकतोय, त्याचा स्क्रू पडलेला. स्क्रू शोधायला त्यांची अवजारांची पेटी काढली. आत छोट्या डब्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. ‘खिळे १ इंच.’ ‘वॉशर.’ आणि एका डबीवर ‘लागेल कधीतरी’. त्यात बरोबर मापाचा स्क्रू होता. खण बसवला. मग तिथेच जमिनीवर बसून राहिले बराच वेळ. आवरलं काहीच नाही त्या दिवशी.

त्यांच्यासाठी एक पेटी ठरवलीय, मावेल तेवढंच ठेवायचं. चष्मा ठेवलाय. ती डबीही. शर्टांचं अजून ठरत नाहीये, चिकटपट्टी लावून तारीख घातलीय. खोलीत आता वळता येतं, पूर्ण नाही, एका बाजूने.

पोटमाळा
चष्मा राहिला तर.

दुपारचीझोप
मी आजपासून न्हाणीघर. पण मला एक सांगा, त्या २२ वायरींचं काय केलंत?

ओसरी
पिशवीत भरल्यात. दाराशी आहेत.

खिडकीपाशी
कधीपासून?

ओसरी
…पंधरा दिवस. उद्या नक्की. काल त्यातली एक लेकीने परत नेली.